ढोलकीच्या लूपचे तुकडे करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे अण्णा यंदा ७१ वर्षांचे झाले. हात अजून गोड आहे, पण तासभर वाजवलं की मनगट दुखतं. म्हणून दोन दुपारी घरातच गाद्या भिंतीला टेकवून त्यांचं वादन रेकॉर्ड केलं. एकच कंडेन्सर माइक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. त्यातून चार-चार आवर्तनांचे १७ लूप निघाले. भजनी ठेका आणि केरवा जास्त, दादरा थोडा, आणि दोन लावणीच्या अंगाचे.

बहुतेक लूप ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ९६ ठोके) आसपास आहेत. मला ते ८० पासून ११२ पर्यंतच्या गाण्यांत वापरायचे आहेत. नुसतं ताणून बघितलं तर थाप भिजल्यासारखी येते. ती चाटेची टणटणीत धार जाते. म्हणून लूपचे थापेगणिक तुकडे करून ते मिडीवरून, म्हणजे कधी काय वाजवायचं याच्या संगणकी सूचनांवरून, वाजवायचं ठरवलं.

एबलटन लाइव्हची ट्रायल घेऊन पाहिली, ऑडॅसिटीतही प्रयत्न केला. तीन अडचणी येतात. एक, आपोआप खुणा पाडल्या की एकाच थापेवर दोन खुणा पडतात आणि हलक्या बोलांवर एकही पडत नाही. दोन, लय कमी केली की तुकड्यांच्या मधे भोकं ऐकू येतात. तीन, काही तुकड्यांच्या सुरुवातीला टिक् असा आवाज येतो.

विंडोज लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. पाच-सहा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय घेऊ?

रात्रपाळी

रीपर घ्या. पूर्ण प्रोग्रॅम ६० दिवस वापरून बघता येतो, आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. ८ जीबीवर आरामात चालतो.

लूप निवडून डी दाबलं की डायनॅमिक स्प्लिटची खिडकी उघडते. तिथे संवेदनशीलता आणि तुकड्याची किमान लांबी ठरवता येते. तुमची दुहेरी खुणांची अडचण बरीचशी या किमान लांबीनं सुटेल. ९६ बीपीएमला पाव बीट १५६ मिलिसेकंदांची होते. तुमच्या वादनात त्याहून बारीक बोल नसतील तर किमान लांबी ९०-१०० ठेवा, मग थापेच्या मागून येणारी बोटाची सळसळ वेगळी थाप म्हणून धरली जाणार नाही. तिरकिटाच्या जागा असतील तर ५०-६० वर आणावी लागेल, आणि तिथे थोड्या चुकीच्या खुणा हातानं पुसाव्या लागतील.

हाताचं कामही झटपट होतं. टॅब दाबला की कर्सर पुढच्या थापेवर उडी मारतो, एस दाबला की तिथे काप. माझे निम्मे लूप मी असेच कापतो. डायनॅमिक स्प्लिटला विचारतसुद्धा नाही.

निळीपेटी

तुम्ही लाइव्हची ट्रायल घेतलीच आहे तर इतक्यात सोडू नका. क्लिपवर राइट क्लिक करून ‘स्लाइस टू न्यू मिडी ट्रॅक’ केलं की प्रत्येक तुकडा ड्रम रॅकच्या एकेका पॅडवर बसतो, आणि मूळ वादनाच्या जागा मिडी क्लिपमधे जशाच्या तशा उतरतात. ही सोय लाइव्ह ७ पासून आहे. पुढे ९.५ मधे सिंपलरलाच स्लाइस मोड आला, तो मला जास्त आवडतो. खुणा डोळ्यांसमोर असतात, हातानं सरकवता येतात, नको ती काढता येते.

तुम्ही बहुधा वॉर्पचा (लाइव्हमधली ताणायची सोय) कॉम्प्लेक्स मोड लावून ताणलं असेल. तालवाद्याला बीट्स मोड लावा आणि ‘प्रिझर्व्ह’मधे ट्रान्झिअंट्स (थापांच्या सुरुवाती) निवडा. हा मोड आतून तुकडेच करतो. मधल्या भोकांसाठी तिथे लूपचा पर्याय आहे. तुकड्याची शेपटी पुढे-मागे फिरवून जागा भरली जाते. कदाचित तुम्हाला तुकडे करायची गरजच पडणार नाही.

एक सूचना. स्वस्त आवृत्त्यांमधे काही सोयी काढून टाकलेल्या असतात. पैसे भरण्याआधी आवृत्त्यांचा तक्ता नीट वाचा.

हलगी_कोल्हापूर

मी एफएल स्टुडिओवाला. स्लाइसेक्स नावाचा प्लगइन आहे त्यात. लूप टाकला की खुणा पडतात आणि तुकडे सरळ पियानो रोलमधे उतरवता येतात. दोन डेक आहेत, म्हणजे एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला घुमकं असं एकत्र वाजवता येतं. एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, ही गोष्ट आमच्यासारख्यांना फार मोठी आहे. पण सगळ्यात स्वस्त आवृत्तीत रेकॉर्डिंग करता येत नाही. तुमचं काम रेकॉर्डिंगचंच दिसतंय.

हलगीला कोणतंही सॉफ्टवेअर चालतं खरं म्हणजे. कडक, कोरडी थाप. घुमारा जवळजवळ नाहीच. अवघड आहे ते ताशाचं. तर्रीचे (सलग भरभर थापांचे) तुकडे करू नका, दाण्यागणिक कापलं की मशिनगन होते. ताशाची आख्खी तर्री एक तुकडा धरा.

रीळ_आणि_फीत

तुकडे करायचं हे तंत्र कुठून आलं ते सांगतो, कारण त्यातूनच तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर मिळतं.

१९९४ साली स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेडनं रीसायकल नावाचा प्रोग्रॅम आणला. तेव्हा आवाज ठेवायचे हार्डवेअर सॅम्पलरमधे, म्हणजे आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रात. त्याच्या आधी १९८७ चा एसपी-१२०० होता, त्यात मिळून दहा सेकंद मावायची. १९८८ चं एमपीसी-६० आलं. या यंत्रांच्या चिमुकल्या पडद्यावर आकडे फिरवून थापेची सुरुवात शोधावी लागायची. रीसायकलनं लूपची लहर संगणकाच्या पडद्यावर आणली. एक पट्टी सरकवली की थापांवर उभ्या रेघा येत. मग ते तुकडे केबलनं सॅम्पलरमधे पाठवायचे आणि सोबत वादनाच्या जागांची मिडी फाइल घ्यायची. लय बदलली की तुकडे फक्त जवळ येत किंवा लांब जात. एकही तुकडा ताणला जात नसे. थापेची धार शाबूत राहायची ती त्यामुळे.

पण लांब गेले की मधे जागा उरणारच. त्यासाठी रीसायकलमधे ‘स्ट्रेच’ नावाची कळ होती. ती प्रत्येक तुकड्याला कृत्रिम शेपटी लावायची. म्हणजे तुम्हाला जी भोकं ऐकू येतात ती ९४ सालीही ऐकू येत होती. तो सॉफ्टवेअरचा दोष नाही, तुकडे करण्याचा स्वभाव आहे. हिशेब करा. ९६ ला पाव बीट १५६ मिलिसेकंद, ८० ला १८७. प्रत्येक पाव बीटमागे ३१ मिलिसेकंदांची शांतता. इंग्रजी ड्रमच्या सुक्या स्नेअरवर ती खपून जाते. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा तोडून तिथे शांतता आली की कोणालाही कळते.

आणखी एक. रीसायकलच्या रेक्स फाइलमधे तुकडे, जागा, लय सगळं एकत्र असतं, फार सोयीचं. पण ती एका कंपनीची बंद रचना आहे. माझ्याकडे जुन्या रेक्स फाइलींची दोन खोकी भरून सीडी आहेत आणि दर नव्या संगणकावर त्या कशात उघडतील हे शोधत बसावं लागतं. अण्णांचं वादन साध्या वेव फाइल आणि मिडी फाइल अशाच रूपात ठेवा. वीस वर्षांनी कोणीही उघडू शकेल.

चाटलव

मी तबला वाजवतो, अधूनमधून ढोलकीही. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कोणी बोललं नाही.

ही सगळी साधनं एका समजुतीवर चालतात. आवाज अचानक वाढला म्हणजे नवी थाप, आणि पुढचा आवाज वाढेपर्यंत ती एकच थाप. ड्रमसेटला हे लागू पडतं. आमच्या वाद्यांत दोन हात दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. ‘धा’ घ्या. उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘गे’ एकत्र. ‘ना’ लगेच संपतो. ‘गे’ पुढच्या दोन-तीन बोलांच्या खालून वाहत राहतो, आणि तो वाहत असताना मनगट दाबून त्याचा स्वर वर ओढला जातो. ती मींड थाप पडल्यानंतर घडते. तिथे आवाज वाढत नाही, स्वर बदलतो. यंत्राला ती दिसतच नाही. आता पुढच्या बोलावर काप दिला की मींड मधोमध तुटली. अर्धी या तुकड्यात, अर्धी पुढच्या तुकड्यात, ‘ति’च्या पोटात. तो ‘ति’ तुम्ही दुसरीकडे वापरला की त्याच्या खालून कुठल्या तरी वेगळ्याच ‘गे’चं शेपूट वाजणार.

केरव्याचा साधा ठेका बघा. धा गे ना ति, न क धि न. पहिल्या तीन मात्रांत डग्गा खुला, मग ‘ति न क’ला बंद, ‘धि’ला पुन्हा उघडतो. बंद-उघडण्याचा हा श्वास म्हणजेच ठेका. आठ मात्रांचे आठ तुकडे करून ते हवे तसे मांडले की मात्रा आठच राहतात, पण केरवा राहत नाही.

म्हणून मला विचाराल तर कोणतं सॉफ्टवेअर यापेक्षा कुठे कापायचं हे आधी ठरवा. मी कापतो ते डावा हात बंद होतो तिथे. भजनी ठेक्याच्या एका आवर्तनात अशा दोनच जागा सापडल्या तरी चालतील. तुकडे मोठे राहतात, पण जिवंत राहतात.

आणि खुणा पाडून झाल्यावर ते सगळं ग्रिडवर (लयीच्या समान अंतराच्या रेघांवर) बसवू नका, ही हात जोडून विनंती.

निळीपेटी

@चाटलव, हे वाचून माझे जुने तबल्याचे लूप काढून ऐकले. ‘ति’खालचं ते शेपूट खरंच वाजतंय. आजवर मला वाटत होतं की माझा कंप्रेसर जास्त लागलाय.

उत्तरसमुद्र

उशिरा येतोय, इथे सकाळ झाली आत्ता. मी प्रोग्रॅमर आहे, आवड म्हणून संगीत.

१७ लूपसाठी गरज नाही, पण अख्ख्या ४० मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर खुणा पाडायच्या असतील तर ऑबिओ नावाची मुक्त लायब्ररी आहे. तिच्यासोबत येणारी ऑबिओकट ही आज्ञा फाइल घेते आणि थापांवर कापून देते. थापा शोधण्याच्या अनेक पद्धती त्यात निवडता येतात. काही नुसती ऊर्जा मोजतात, काही स्वरपटातला (कोणती कंपनं किती, याच्या आलेखातला) बदल मोजतात. हलक्या बोलांना दुसऱ्या जातीची पद्धत जास्त बरी पडते, कारण घुमारा मोठ्यानं चालू असताना ‘ति’ पडला तर एकूण आवाज फारसा वाढत नाही, वरच्या कंपनांत मात्र स्पष्ट उडी दिसते.

याच कारणासाठी एक सोपी युक्ती, कोणत्याही सॉफ्टवेअरमधे चालणारी. लूपची एक प्रत करा. तिच्यावर फिल्टर लावून २ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. ऐकायला ती अगदी पत्र्यासारखी लागेल, पण तिच्यात उजव्या हाताचा प्रत्येक बोल टोकदार दिसेल. खुणा त्या प्रतीवर पाडा, काप मात्र मूळ लूपवर द्या. डाव्या हाताच्या खुणा हव्या असतील तर दुसरी प्रत, तिच्यात फक्त २०० हर्ट्झच्या खालचं ठेवा.

आकृतीत बघायचं असेल तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं सोनिक व्हिज्युअलायझर आहे, फुकट. स्वरपट उघडला की चाटलव म्हणतात ती मींड वर चढणाऱ्या रेघेसारखी डोळ्यांना दिसते. एकदा दिसली की ती कापायला हात धजत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारचा पूर्ण दिवस यात घालवला.

लाइव्हचा बीट्स मोड लावून बघितला. ९६ वरून १०४ ला उत्तम. ८० ला मात्र घुमाऱ्यात एक थरथर येते, शेपटी पुढे-मागे फिरते ती ऐकू येते. दादऱ्यात कमी, भजनी ठेक्यात जास्त.

रीपरमधे फिल्टरवाली युक्ती केली. हलके बोल जवळजवळ सगळे पकडले गेले. दुहेरी खुणाही गेल्या. टिक् आवाज अजून आहे, आणि ८० ची भोकं आहेतच. ऑडॅसिटीत झेड दाबून काप शून्यावर नेता येतो असं वाचलं होतं, तेही करून बघितलं. कुठे जातो टिक्, कुठे राहतो.

रात्रपाळी

टिक्चं आधी. लहर शून्यावर असताना कापलं की टिक् येत नाही हे एका चॅनलपुरतं ठीक. पण घुमाऱ्याची लहर लांब असते. शून्यावर कापलं तरी ती चढत असताना कापली की उतार एकदम तुटतो आणि कान तो पकडतो. शून्य शोधत बसू नका. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीला २ मिलिसेकंदांचा आणि शेवटी ८-१० मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या. सगळे तुकडे निवडून एकदम देता येतो.

फक्त फेड थापेच्या अंगावर येऊ देऊ नका. खूण थापेच्या ३ मिलिसेकंद आधी हवी. मग तुकडा थोडा आधी सुरू होतो आणि थाप ग्रिडच्या मागे पडते अशी नवी पंचाईत. त्यासाठी रीपरमधे स्नॅप ऑफसेट आहे. तुकडा आधी सुरू झाला तरी खरी थाप कुठे आहे ते तुम्ही दाखवून द्यायचं, मग रीपर त्या जागेला धरून सरकवतो. मला रीपर आवडतो तो अशा बारीक गोष्टींमुळे.

लय बदलायची असेल तर ट्रॅकचा टाइमबेस ‘बीट्स, फक्त जागा’ असा ठेवा. तुकडे सरकतील, ताणले जाणार नाहीत.

आता भोकांचं. शक्य असेल तर अण्णांना पुन्हा एकदा बसवा. या वेळी दोन माइक, प्रत्येक तोंडाला एक. डावीकडचा माइक चामड्यापासून वीतभर लांब, उजवीकडचाही तेवढाच. दोन्ही ट्रॅकवरचे तुकडे ग्रुप करा म्हणजे एकत्र सरकतील. शंभर टक्के वेगळं होणार नाही, एकाचा आवाज दुसऱ्यात झिरपणारच. पण उजवा ट्रॅक बोलागणिक कापता येईल, आणि डावा ट्रॅक चाटलव म्हणतात तसा, हात बंद होतो तिथेच. घुमारा कापायची वेळच येणार नाही.

रीळ_आणि_फीत

रात्रपाळींच्या सूचनेला माझी पुस्ती. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करणार असाल तर मूळ लयच खाली घ्या. ७८ ला वाजवून घेतलंत की पुढे ८० असो वा ११२, तुम्हाला फक्त तुकडे जवळ आणायचे आहेत. जवळ आणताना शेपटी एकमेकांवर चढतात किंवा छाटल्या जातात, पण भोक कधीच पडत नाही. आम्ही स्टुडिओत हेच करायचो.

चाटलव

इथे जरा थांबा. वादक लय उतरली की तसाच वाजवत नाही. ७८ ला जागा जास्त मिळते, मग तो भरणा घालतो, मधे बारीक बोल येतात. तेच वादन ११२ वर नेलं की गर्दी होते. आणि ११२ ला तो जे बोल गाळतो, ज्यामुळे ठेका पळतो, ते गाळणं तुमच्याकडे नसेलच.

दोन लयी घ्या. एक ८० ची, एक १०० ची. ८० चं वादन ८० ते ९६ ला, १०० चं वादन १०० ते ११२ ला. दोन्ही वेळी वरच जायचंय, म्हणजे रीळ_आणि_फीत यांचा मुद्दाही राहतो.

शिवाय सुटे बोल. खुला ‘गे’ पूर्ण विझेपर्यंत, मींड वर नेलेला ‘गे’, बंद ‘क’, उजवीकडचे सगळे बोल, प्रत्येकी चार-पाच वेळा, हलके आणि जोरकस. कुठे भोक पडलंच तर या सुट्या ‘गे’ची शेपटी खाली घालता येते. एकच ‘गे’ पुन्हा पुन्हा वापरू नका, कान तिसऱ्या वेळी ओळखतो.

रीळ_आणि_फीत

मान्य. दोन लयी माझ्याकडून राहून गेल्या. आमच्याकडे तेव्हा टेप मोजून मिळायची, दुसरी लय घ्यायला कोणी द्यायचं नाही. आता ती अडचण नाही.

जाईजुई

तांत्रिक बोलण्यात मला फार गती नाही, पण एक विचारते. @कृष्णाकाठ, हे लूप पुढे कोणाला देणार आहात? विकणार आहात?

विचारते याचं कारण सांगते. १९६९ साली द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरनं चार बारांचा एक तुकडा वाजवला, सहा-सात सेकंदांचा. पुढे ब्रिटनमधलं ‘जंगल’ नावाचं नृत्यसंगीत बऱ्याच अंशी त्या तुकड्याचे तुकडे करूनच उभं राहिलं. हजारो गाण्यांत तो आहे. कोलमन २००६ साली गेले, त्या वादनाचे पैसे त्यांच्या हाती आले नाहीत. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड बँडच्या प्रमुखांना दिले, तेव्हा ड्रमर हयात नव्हते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला स्वतःच्या वादनावर वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा, तो मुद्रण करवून घेणाऱ्याचा, म्हणजे इथे तुमचा. घरचीच माणसं आहेत म्हणून कोणी लिहून ठेवत नाही. कृपया एक साधा कागद करा. कोणतं रेकॉर्डिंग, कशासाठी वापरणार, विकलं तर अण्णांना किती, त्यांच्या पश्चात कोणाला. आणि प्रत्येक फाइलच्या नावात त्यांचं नाव राहू द्या. तुकडे झाले की नाव सगळ्यात आधी गळून पडतं.

हलगी_कोल्हापूर

जाईजुई, हे लाख मोलाचं बोललात. माझे लूप तीन पोरांनी नेले, एकाच्या गाण्यात सापडले सुद्धा. नाव कुठे नाही.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. काय काय झालं ते सविस्तर सांगतो, कोणाला उपयोग होईल.

आधी कागद केला. जाईजुईंचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. कोलमनचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मंडळाच्या पोरांना शिकायला फुकट दे, बाहेर विकलंस तर निम्मे माझ्या नातीच्या नावावर. तसं लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. फाइलींच्या नावात त्यांचं पूर्ण नाव, गाव, ठेका, लय आणि तारीख आहे.

रीपर विकत घेतला. दोन माइक झाले, दुसरा मित्राचा आणला. रोज सकाळी पाऊण तासच बसलो, म्हणजे मनगटाला त्रास नाही. ८० आणि १०० अशा दोन लयी घेतल्या. चाटलव यांचं म्हणणं तिथेच पटलं. ८० ला अण्णा सहाव्या मात्रेनंतर दोन बारीक बोल घालतात, १०० ला ते घालतच नाहीत. मी मुद्दाम विचारलं तर म्हणाले, घालत असेन, मला माहीत नाही.

उजवा ट्रॅक फिल्टर केलेल्या प्रतीवरून कापला, किमान लांबी ७०. डावा ट्रॅक हातानं कापला, टॅब आणि एस. एका आवर्तनात कधी दोन, कधी तीन काप. सुटे बोल ६४ जमले. फेड २ आणि ८. आता ८० पासून ११२ पर्यंत कुठेही भोक नाही. लावणीच्या दोन लूपना अजून जमलेलं नाही. तिथे डावा हात बंदच होत नाही, सतत बोलत राहतो. ते आख्खे ठेवलेत, त्यांच्याच लयीत वापरीन.

एक चूक केली होती, ती लिहायलाच हवी. चाटलव यांनी हात जोडून सांगूनही पहिल्या भजनी ठेक्याचे उजव्या हाताचे तुकडे मी ग्रिडवर बसवले. स्वच्छ वाटलं मला. अण्णांना हेडफोनवर ऐकवलं. त्यांनी मान हलवली, परत लाव म्हणाले, आणि सातव्या मात्रेवर बोट ठेवून म्हणाले, “हे कोण वाजवतंय?” मूळ फाइल मोजून बघितली. सातव्या मात्रेला त्यांचा हात दरवेळी १५ ते २० मिलिसेकंद उशिरा पडतो. चारही आवर्तनांत. समेवर मात्र बरोबर. ग्रिड काढून टाकलं, मूळ जागांची मिडी फाइल ठेवली, आणि ती फाइल आता मंडळातली दोन मुलं सरावाला वापरतात.

चाटलव

सातवी उशिरा, सम जागेवर. तुमच्याकडच्या जुन्या भजनी वादकांत हे मी ऐकलंय, पण मोजलेलं पहिल्यांदाच पाहतोय. शक्य असेल तर दोन्ही लयींमधली मोजमापं इथे टाका. १०० लाही तेवढाच उशीर आहे की लयीच्या हिशेबानं कमी होतो, हे जाणून घ्यायचंय.

कृष्णाकाठ

१०० ला ११ ते १४ मिलिसेकंद. सगळ्या आवर्तनांचे आकडे संध्याकाळी टाकतो. सकाळी दादऱ्याचं रेकॉर्डिंग आहे, अण्णा येऊन बसलेत.